उद्यमाच्या वाटेवर (लेखांक 7) : साहुकारपेठेतील मूस

मागील लेखांकात मद्रासच्या आर्बथनॉट पेढीची हकीकत सांगितली होती. 1906 साली ती पेढी बुडाली, हजारो ठेवीदारांची जन्माची पुंजी तिच्याबरोबर गेली, आणि त्या अनर्थातूनच पुढच्या वर्षी इंडियन बँक उभी राहिली. ती कथा मोठ्या भांडवलाची होती. आज ज्या धंद्याविषयी लिहावयाचे आहे त्यास एक भट्टी, चार-दोन मुशी, एक तराजू आणि तरबेज नजर एवढ्यावर आरंभ करता येतो. मात्र त्या नजरेची किंमत कोणत्याही ताळेबंदात मांडता येत नाही, आणि या धंद्याच्या बहुतेक अडचणींचे मूळ तेथेच आहे.

चेन्नईच्या ज्या भागास आज सौकारपेट म्हणतात ती आपली साहुकारपेठच. तिच्यातून जाणाऱ्या मिंट स्ट्रीटला तमिळ लोक ‘तंगसालै’ म्हणतात. त्या शब्दाचा अर्थच टाकसाळ, आणि कंपनी सरकारची टाकसाळ खरोखरच या रस्त्यावर होती. मारवाडी, गुजराती, तेलुगू अशा अनेक व्यापारी समाजांच्या या गर्दीत सांगली जिल्ह्याच्या खानापूर, आटपाडी या अवर्षणग्रस्त तालुक्यांतून आलेली मराठी गलाई मंडळी आपली भट्टी मांडून बसलेली आढळतात. मोडीचे सोने-चांदी वितळवून, त्यातील हीण काढून, शुद्ध धातूची लगड सोनाराच्या हाती देणे हा त्यांचा व्यवसाय. हिंदुस्थानातील बहुतेक मोठ्या सराफकट्ट्यांच्या मागच्या बोळात विट्याकडचा एखादा माणूस हटकून भेटतो. जमीन आहे पण पाऊस नाही, अशा मुलखाने माणसे बाहेर पाठविली.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी मी अशा एका दुकानात दीड तास बसलो होतो. दुकान म्हणजे जेमतेम आठ बाय दहाची खोली. “या पाव्हणं, चप्पल हितंच काढा, आतली धूळबी मोजून घ्यावी लागती,” असे मालकांनी हसत म्हटले, तो मला आधी विनोद वाटला. परंतु कारागीर ज्या बादलीत हात धूत होता तिचे पाणी कोणी फेकत नव्हते, आणि केरसुणीने काढलेला केर डब्यात जपून ठेवला जात होता. सोनाराच्या राखेतून कण वेचणाऱ्या झारेकऱ्याची विद्या या मंडळींनी आपल्याच घरात ठेवली आहे. इतक्यात एक तमिळ कारागीर तुटक्या साखळीचे तुकडे घेऊन आला. मालकांनी अस्खलित तमिळमध्ये दोन शब्द बोलून ते तोलले, कसोटीच्या दगडावर रेघ ओढली आणि टंच सांगितला. कारागिराने मान हलवली. पावती अशी काही झाली नाही. वहीत एक आकडा पडला, इतकेच.

पुढची क्रिया पाहण्याजोगी असते. सोने जर चांदीत कमी असेल तरच तेजाब त्या चांदीपर्यंत पोहोचते, म्हणून आलेल्या सोन्यात मुद्दाम चांदी मिसळून सोन्याचा भाग सुमारे चौथाईवर आणतात. तो रस पाण्यात ओतून त्याचे दाणे पाडतात आणि ते शोऱ्याच्या तेजाबात उकळतात. तांबूस, घसा धरणारा धूर उठतो. चांदी-तांबे तेजाबात विरघळते, आणि तळाशी उरतो तो चहाच्या चोथ्यासारखा काळपट तपकिरी गाळ. त्याला सोने म्हणावयास कोणी धजणार नाही. तो धुऊन, वाळवून, टाकणखार घालून पुन्हा मुशीत तापविला की हजार अंशांच्या पुढे केव्हातरी तो गाळ एकाएकी उजळतो. उरलेल्या द्रवात तांब्याच्या पट्ट्या सोडून चांदीही परत मिळवितात.

आता या धंद्यावर आलेल्या संकटांकडे वळू. चीनच्या आक्रमणानंतर, 1963 च्या जानेवारीत, अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रणाचा हुकूम काढला आणि चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास मनाई केली. परकीय चलन वाचवावे, चोरटी आयात थांबावी हा हेतू गैर नव्हता. परंतु ज्या देशात लग्नाचे मंगळसूत्र बावीस कॅरटचे, तेथे लोकांची आवड फर्मानाने बदलेल असे मानणे ही राज्यकर्त्यांची भाबडी समजूत होती. देशभर सोनार बेकार झाले, काहींनी जीव दिला. त्याच वर्षी मद्रासचे मुख्यमंत्री कामराज यांच्या योजनेनुसार मोरारजींना मंत्रिपद सोडावे लागले, हा निव्वळ योगायोग, पण सराफकट्ट्यावर तो पुष्कळांना न्यायच वाटला असेल. चौदा कॅरटची अट 1966 मध्ये गेली. मात्र 1968 च्या कायद्याने लगड, पत्रा, तार अशा न घडविलेल्या सोन्याचा ताबा सामान्य माणसास वर्ज्य केला. गलाईवाल्याच्या मुशीतून निघते ते नेमके हेच सोने! ज्याच्याजवळ शुद्धीकाराचा परवाना नाही त्याचा धंदाच बेकायदा ठरला, आणि तस्करीला मात्र बरकत आली. हा कायदा 1990 मध्ये, मधू दंडवते अर्थमंत्री असताना, रद्द झाला. माझ्या मते स्वातंत्र्योत्तर काळात छोट्या धंद्यावर इतका दीर्घ आणि इतका निष्फळ जुलूम दुसरा झालेला नाही.

परंतु परवान्याचे राज्य संपले तरी संशयाचे संपले नाही. दंड विधानाच्या 411 व्या कलमाने, आणि आता न्याय संहितेच्या 317 व्या कलमाने, चोरीचा माल जाणूनबुजून, किंवा तसे मानण्यास कारण असताना, घेणे हा गुन्हा आहे. कलम योग्यच आहे. अडचण अशी की वितळलेल्या सोन्याला चेहरा नसतो, आणि गिऱ्हाईक खरे बोलते की खोटे हे कसोटीच्या दगडावर उमटत नाही. माझ्या यजमानांच्या एका नातलगाला परप्रांतातील तपासपथकाने दुकानातून उठवून नेले. चोराने त्याचे नाव घेतले होते. नातलगाने त्या व्यवहाराची नोंद ठेवली नव्हती, म्हणून जप्तीत सोने गेले, जामिनाच्या खटपटीत तीन आठवडे गेले. “सोनं गेलं त्याचं काय न्हाई,” यजमान म्हणाले, “शेजारचा सोनार दोन म्हैनं आला न्हाई, त्येचं वाईट वाटलं.”

हॉलमार्कविषयी मात्र मी या मंडळींशी सहमत नाही. जून 2021 पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, आणि एप्रिल 2023 पासून प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा विशिष्ट क्रमांक आवश्यक ठरला. त्याने कागदपत्रांचा ताप वाढला हे खरे. पण पिढ्यान्‌पिढ्या बावीस म्हणून अठरा कॅरट गळ्यात बांधले गेलेल्या बायकांची कैफियत कोणी ऐकली होती? तेजाबाच्या धुराविषयी शेजाऱ्यांच्या तक्रारी आहेत, त्याही रास्त आहेत. दाट वस्तीत, धुराड्याविना ही भट्टी चालू नये. आयातशुल्काचे गणित निराळे. जुलै 2022 मध्ये ते 15 टक्के झाले, आणि जुलै 2024 मध्ये एका अर्थसंकल्पी भाषणात एकदम 6 टक्क्यांवर आले. ज्याच्या तिजोरीत आदल्या दिवशी घेतलेली मोड पडून होती त्याने तो फरक मुकाट्याने सोसला. मोठी पेढी वायदेबाजारात आपला बचाव करून घेते. आठ बाय दहाच्या खोलीत तो मार्ग ठाऊक असला तरी परवडत नाही.

यजमानांचा मुलगा चेन्नईतच संगणक अभियंता झाला आहे. विट्याजवळच्या गावी त्यांनी दुमजली घर बांधले आहे, ते यात्रेपुरते उघडते.

वाचकांस एक विनंती. घरातली मोड घालावयास जाल तेव्हा तुमच्याकडे ओळखपत्राची प्रत मागितली आणि सहीसाठी वही पुढे केली, तर रागावू नका. आणि मागितली नाही, तर आपण होऊन द्या. पुढील आठवड्यात अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत जाऊ. तेथील दुखणे थकलेल्या बिलांचे आहे.