इंजिनाचा माथा

मुंबईच्या उपनगरांत, अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, मोटारदुरुस्तीच्या गॅरेजांची कधी वाण पडली नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९५४ पासून फियाट ११०० ही मोटार तयार होऊ लागली. त्याच कुळातील गाडी पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून ओळखली गेली आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत मुंबईत धावली. इतकी वर्षे ती धावली, याचे पुष्कळसे श्रेय या गॅरेजांतील मिस्त्रींना दिले पाहिजे.

चालत्या टॅक्सीचे पाणी एकाएकी उकळू लागे व मागून पांढरा धूर निघे. मिस्त्री पाहताच म्हणे, “हेड गॅस्केट गेले.” टॅक्सी उभी राहिली की टॅक्सीवाल्याच्या घरची चूलही थंडावे, म्हणून त्याला घाई असे. परंतु या कामात घाई करून चालत नाही.

पद्मिनीच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा असे. त्यात चार सिलिंडर, म्हणजे चार गोल विहिरीच म्हणा ना! ब्लॉकच्या सपाट माथ्यावर अ‍ॅल्युमिनियमचे हेड झाकणासारखे बसे आणि दोहोंच्या मध्ये गॅस्केट नावाची पातळ चादर असे. सिलिंडरात पेट्रोल पेटले की तेथील वायू २००० अंश सेल्सिअसच्याही वर तापतो. शेजारच्याच छिद्रांतून पाणी व तेल वाहत असते. आग, पाणी आणि तेल यांना एकमेकांपासून दूर ठेवण्याचे काम ती एवढीशी चादर करते. तिच्याखाली जुन्या गॅस्केटचा एखादा कपटा जरी राहिला, तरी तेवढ्या फटीतून वायू वाट काढतो आणि नवे गॅस्केटही जळते.

म्हणून हेड उतरविल्यावर जाणता मिस्त्री प्रथम सिलिंडरांत व पाण्या-तेलाच्या छिद्रांत स्वच्छ चिंध्या कोंबतो. मग माथ्यावर चिकटलेला जुना थर द्रावण लावून मऊ होऊ देतो. जुन्या गॅस्केटांत पुष्कळदा अ‍ॅस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असल्यामुळे असा थर कोरडा खरवडणे धोक्याचे. बिडाच्या माथ्यावर पोलादी पाते आडवे धरून हलक्या हाताने चालविता येते. हेड मात्र मऊ धातूचे. त्यावर तेच पाते लावले तर ओरखडे पडतात. तेथे लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी बरी.

विजेच्या यंत्रावर घासचकती चढविली तर हेच काम पाच मिनिटांत उरकते आणि माथा आरशासारखा चकाकतो. पण ही चकाकी फार महाग पडते. चकती माथ्यावर खळगे पाडते. शिवाय तिची कठीण भुकटी तेलात मिसळून बेअरिंगांत शिरते व त्यांना झिजवून टाकते. गॅस्केट बदलावयास आलेले इंजिन मग पुरतेच उघडावे लागते.

बोल्टांच्या छिद्रांकडे नवशिक्याचे लक्ष सहसा जात नाही. तळ बंद असलेल्या छिद्रात पाणी किंवा तेल साचले असेल, तर बोल्ट पिळताना ते दबत नाही. त्या जोराने ब्लॉकला तडाही जाऊ शकतो. म्हणून ती छिद्रे हवेच्या झोताने कोरडी करतात.

शेवटी माथ्यावर पोलादी सरळपट्टी उभी, आडवी व तिरपी ठेवून तिच्याखाली ०.०५ मिलिमीटर जाडीची पाती सरकवून पाहतात. माणसाचा केस बहुधा याहून जाड असतो! पाती सहज आत गेली, तर माथा वाकडा झाला असण्याचा संभव असतो. मग मर्यादेपेक्षा अधिक वाकलेला ब्लॉक यंत्रावर तासून घ्यावा लागतो. माथा सरळ निघाला, की चिंध्या काढून, थिनरने भिजविलेल्या कापडाने तो पुसतात. कापडावर काळा डाग उमटेनासा होईपर्यंत हे पुसणे चालते.

त्यानंतर गॅस्केट व हेड बसते आणि बोल्ट मधल्यापासून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आवळले जातात. इंजिन सुरू होते. मिस्त्री उघड्या रेडिएटरमधील पाणी निरखीत उभा राहतो. आत साठलेली हवा निघून गेल्यावर त्यात बुडबुडे येत नाहीत ना, हे पाहिल्यावाचून तो झाकण लावीत नाही.