रोजचा ताण आणि संथ धावणं

मंडळी, ताण म्हटला की आपण लगेच मनाबद्दल बोलायला लागतो. आज सुरुवात शरीरापासून करू. साहेबांचा फोन येतो, लोकल चुकते, मुलांच्या फीची तारीख जवळ येते. अशा वेळी काय होतं? छाती धडधडते, श्वास वाढतो, स्नायू आखडतात, रक्तात साखर सोडली जाते. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये या अवस्थेचं वर्णन केलं. पुढे ती 'लढा किंवा पळा' या नावाने ओळखली जाऊ लागली.

आता गंमत बघा. शरीर पळायची सगळी तयारी करतं आणि आपण खुर्चीवरच बसून राहतो! धावायला गेलो की त्या तयारीला तिचं काम मिळतं. धावणं संपल्यावर ठोके उतरतात, आखडलेले खांदे सैल पडतात. नियमित धावणाऱ्याचे तर विश्रांतीतले ठोकेही हळूहळू कमी होत जातात.

दुसरं कारण मेंदूतलं आहे. 'धावल्यावर एंडॉर्फिन सुटतं, म्हणून बरं वाटतं' हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजासहजी शिरत नाही. २०२१ मध्ये जर्मनीतल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात ६३ जणांना ट्रेडमिलवर ४५ मिनिटं धावायला लावलं होतं. काहींना आधी एंडॉर्फिनचा परिणाम रोखणारं औषध दिलं. तरीही धावल्यावर त्यांची चिंता कमी झाली, मन हलकं झालं. रक्तात वाढलेलं आढळलं ते आनंदामाइड आणि त्याच्या जातीची द्रव्यं. हे मेदात विरघळतं, त्यामुळे मेंदूत सहज पोचतं. १९९२ मध्ये जेरुसलेमच्या शास्त्रज्ञांनी त्याला हे नाव दिलं, ते संस्कृतातल्या 'आनंद' या शब्दावरूनच.

मग धावायचं किती? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम सुचवते. नव्याने सुरू करताना एक मिनिट धावावं, दोन मिनिटं चालावं. आठवड्यातून तीन दिवस, वीस मिनिटं पुरे. वेग एवढाच ठेवायचा, की सोबतच्या माणसाशी बोलता आलं पाहिजे. धाप लागून वाक्य तुटायला लागलं, तर चालायला लागा.

आणि इथेच आपण घोळ घालतो. ऑफिसात टार्गेट असतंच, त्यात मनगटावरच्या घड्याळातलं आणखी एक! कालच्यापेक्षा वेग कमी झाला म्हणून चिडचिड, ग्रुपवर दुसऱ्याचे किलोमीटर बघून खट्टू होणं. ताण उतरवायला निघालो आणि नवा ताण घेऊन घरी आलो. आठवड्यातली एखादी धाव तरी घड्याळ घरी ठेवून व्हावी.

धावण्याने कर्ज फिटत नाही, साहेब बदलत नाहीत. पण रात्री झोप लागते आणि सकाळी त्याच प्रश्नाकडे जरा शांतपणे बघता येतं. मात्र दोन आठवडे झोप उडालेली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर नुसत्या धावण्यावर विसंबू नका, डॉक्टरांना भेटा. हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर आधी त्यांना विचारूनच सुरू करा. छातीत दुखलं की मात्र तिथेच थांबायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा.