पाण्यावरचे रंग

आमच्या शनिवारच्या वर्गाला येणारी बहुतेक मुले केळापूर तालुक्यातील कोलाम पोडांवरची. घरी कोलामी, शाळेत मराठी. त्यामुळे कित्येक महिने काही मुले तोंडच उघडत नाहीत. म्हणून आम्ही अबरीचा कागद करू लागलो.

परातीत पाणी घ्यावे. ऑइलपेंट टर्पेंटाइनने पातळ करून त्याचे चार-पाच थेंब पाण्यावर सोडावेत. हे काम मोठ्यांनीच करावे, तेही व्हरांड्यात. वासाने डोके चढते. तेल पाण्यात मिसळत नाही, हलके असल्याने रंग वर तरंगतो. काडीने तो हळूच ओढला की नक्षी होते. मग कागद एका कडेपासून टेकवत ठेवावा. खाली हवा राहिली तर तेथे पांढरा डाग पडतो (माझा पहिला कागद डागांचाच होता). सतराव्या शतकात विजापूरच्या चित्रकारांनी अबरीत चित्रे केली; अब्र म्हणजे फारसीत ढग.

मागच्या पावसाळ्यात, जिचा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता अशी एक मुलगी परातीकडे बोट दाखवून म्हणाली, "ईर." म्हणजे पाणी. मला तो उच्चार नीट जमेपर्यंत तिने चारदा म्हणून घेतला.

जुन्या वह्यांतील कोरी पाने असतील तर मंडळीत जमा करावीत. त्या मुलीसाठी प्रार्थना करा; तिला आता चौथीत जायचे आहे.