सोनकी कोणती, पाहुणी कोणती?

भाद्रपदात साताऱ्याजवळच्या कास पठारावर सोनकी फुलते. हे पठार २०१२ साली जागतिक वारशात गेले. सोनकी ही सह्याद्रीची लेक. केशरी-पिवळा कॉसमॉस मात्र मूळचा मेक्सिकोचा. बागेतून निसटून तो माळावर पसरतो आणि देशी रोपांची जागा अडवतो. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली. तेव्हा गुरुजी, मुलांकडून तण उपटवण्याआधी नीट पाहा बरे!

सोनकीची पाने खोडावर एकाआड एक येतात. कॉसमॉसची समोरासमोर, झेंडूच्या पानांसारखी कातरलेली. त्याच्या पाकळ्यांची टोकेही दातेरी. फुले सरली तर बी पाहा. सोनकीच्या बीला उडायला पांढरा कापूस असतो. कॉसमॉसचे बी लांबट, सुईसारखे, कपड्याला चिकटणारे.

शंका आली तर हात आवरा. बी धरण्याआधी उपटलेली सोनकी पुढच्या वर्षी तिथे दिसेलच, असे नाही.