गाडीतला उजेड आणि काचेपलीकडचा अंधार

जानेवारीतली रात्र. चंडीगडच्या मध्य मार्गावर धुकं उतरलेलं असतं. दुतर्फा झाडांचे नुसते काळे आकार उरलेले असतात आणि समोरचा गोल चौक जवळ येईपर्यंत दिसत नाही. अशा वेळी एखादी गाडी शेजारून जाते. तिच्या छताला, दारांना आणि डॅशबोर्डखाली एलईडीच्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्या झगमगत असतात. बाहेरून ती सुरेख दिसते. आत बसलेल्या चालकाला मात्र समोरच्या काचेत रस्त्याबरोबर स्वतःचाच डॅशबोर्ड आणि छतावरची पट्टीही दिसत असते. चौकातून बिनदिव्याचा सायकलस्वार येत असेल, तर तो त्या प्रतिबिंबाच्या मागे असतो.

दरडोई वाहनांच्या बाबतीत चंडीगड देशात आघाडीवर आहे आणि गाडी सजवण्याची हौसही इथे मोठी आहे. मनीमाजराच्या मोटर मार्केटमध्ये किंवा आपल्या पुण्यातल्या तपकीर गल्लीत एलईडीची पट्टी, रेझिस्टर, वायर, फ्यूज असं सगळं साहित्य सहज मिळतं. सोल्डरिंग येत असेल, तर गाडीच्या आतला दिवा घरी बनवणं हे एका सुटीचं काम आहे. ते जरूर करावं, कारण त्यात हाताला काम आहे आणि डोक्याला विज्ञान. एक गोष्ट मात्र सुरुवातीपासून लक्षात ठेवायची. इथे प्रत्येक टप्प्यावर काहीतरी रोखून धरायचं असतं : आधी प्रवाह, मग तारेतली उष्णता आणि शेवटी खुद्द प्रकाश.

पायरी उतरणारा इलेक्ट्रॉन

गाडीच्या छतात पूर्वापार असतो तो साधारण ५ वॅटचा तारेचा बल्ब. त्यातली टंगस्टनची तार तापून पांढरी होते तेव्हा उजेड पडतो, पण बहुतेक वीज उष्णतेतच जाते. एका वॅटमागे जेमतेम १० ल्युमेन प्रकाश हाती लागतो. आजचा चांगला पांढरा एलईडी तेवढ्याच विजेत १०० ल्युमेनच्या पुढे जातो.

याचं कारण असं, की एलईडीत काही तापवावंच लागत नाही. त्यात अर्धवाहक पदार्थाचे दोन थर एकमेकांना जोडलेले असतात. एका थरात इलेक्ट्रॉन जास्त, दुसऱ्यात त्यांच्यासाठी रिकाम्या जागा जास्त. योग्य दिशेनं वीज सोडली, की इलेक्ट्रॉन सांधा ओलांडून रिकाम्या जागेत उतरतात. उतरताना जी ऊर्जा सुटते, ती प्रकाशकण होऊन बाहेर पडते. ऊर्जेची ही पायरी जितकी उंच, तितका प्रकाश निळ्याकडे झुकतो; ठेंगणी असेल, तर लालकडे.

चंडीगडला खेटून असलेल्या मोहालीत सेमीकंडक्टर लॅबोरेटरी ही सरकारी संस्था आहे. १९८४ मध्ये तिथे सिलिकॉनच्या चिप बनू लागल्या. इस्रोच्या अग्निबाणांसाठी तयार केलेला ‘विक्रम’ हा प्रोसेसरही तिथलाच. मग तिथेच सिलिकॉनचा एलईडी का बनू नये? कारण सिलिकॉनचा तो स्वभाव नाही. त्यात पायरी उतरणाऱ्या इलेक्ट्रॉनला ऊर्जेबरोबर संवेगही बदलावा लागतो. स्फटिकाच्या कंपनांची मदत घेतल्याशिवाय ते जमत नाही, आणि त्या खटपटीत जवळजवळ सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते. म्हणून गणन करायला सिलिकॉन आणि उजळायला गॅलियमची संयुगं, अशी कामाची वाटणी आहे.

अमेरिकेत निक होलोनियाक यांनी डोळ्यांना दिसणाऱ्या लाल प्रकाशाचा एलईडी १९६२ मध्ये केला. निळ्यासाठी मात्र तीस वर्षं थांबावं लागलं. गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिक वाढवणं फार अवघड होतं. इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी ते जमवलं आणि २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. आपण ज्याला पांढरा एलईडी म्हणतो तो मुळात निळाच असतो. त्याच्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा लेप असतो. निळा आणि पिवळा मिसळून डोळ्याला पांढरा भासतो.

हा इतिहास हातातल्या मल्टिमीटरवरही वाचता येतो. निळ्या प्रकाशाची पायरी उंच, म्हणून पांढऱ्या एलईडीला साधारण ३.१ व्होल्ट लागतात. लाल एलईडी २ व्होल्टच्या आसपास पेटतो. रंग बदलला, की हिशेबही बदलतो.

१२ व्होल्ट म्हणजे १२ व्होल्ट नव्हे

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, हे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात तिच्यात सुमारे २.१ व्होल्टचे सहा सेल असतात. म्हणजे पूर्ण भरलेली, शांत बसलेली बॅटरी १२.६ व्होल्ट देते. इंजिन सुरू झालं आणि अल्टरनेटर तिला भरू लागला, की तोच आकडा १४.४ पर्यंत चढतो.

तारेच्या बल्बला हा फरक पचतो. एलईडीला पचत नाही. त्याच्यावरचा विद्युतदाब किंचित वाढला, तरी प्रवाह कित्येक पटींनी वाढतो. शिवाय एलईडी तापला, की त्याला लागणारा दाब कमी होतो. त्यामुळे प्रवाह आणखी वाढतो आणि तो आणखी तापतो. हे चक्र रोखलं नाही, तर एलईडी जळतो. रोखण्याचं काम काही पैशांत मिळणारा रेझिस्टर करतो.

एक हिशेब कागदावर करून पाहू. चार पांढरे एलईडी एकापुढे एक जोडले, तर त्यांनाच १२.४ व्होल्ट लागतील. बॅटरीच्या १२.६ मधून रेझिस्टरच्या वाट्याला उरले ०.२ व्होल्ट. २० मिलिअँपिअर प्रवाहासाठी १० ओहमचा रेझिस्टर लावला. आता इंजिन सुरू केलं. रेझिस्टरवर २ व्होल्ट आले आणि ओहमच्या नियमाप्रमाणे प्रवाह २०० मिलिअँपिअरकडे, म्हणजे दहापटीकडे धावला. साधा पाच मिलिमीटरचा एलईडी २० मिलिअँपिअरसाठी बनलेला असतो. तो टिकणार नाही.

आता तीनच एलईडी घ्या. त्यांना ९.३ व्होल्ट लागतात. जोडीला ३३० ओहमचा रेझिस्टर द्या. इंजिन बंद असताना रेझिस्टरवर ३.३ व्होल्ट येतात आणि प्रवाह १० मिलिअँपिअर राहतो. इंजिन सुरू असताना ५.१ व्होल्ट येतात आणि प्रवाह साडेपंधराच्या आसपास थांबतो. रेझिस्टरमध्ये खर्च होणारी वीज ०.०८ वॅट, म्हणजे पाव वॅटचा रेझिस्टर पुरतो. थोडी वीज उष्णतेत घालवून आपण स्थैर्य विकत घेतो. बाजारातली १२ व्होल्टची पट्टी सहसा तीन-तीन दिव्यांच्या तुकड्यांत कापता येते, तीही याच हिशेबामुळे. लाल दिव्यांची माळ करायची असेल, तर तीनऐवजी पाच एलईडी बसतात, कारण पाच दुणे दहा व्होल्ट.

बॅटरीची बचतही कमी नाही. ५ वॅटचा जुना बल्ब चुकून रात्रभर, म्हणजे बारा तास, पेटता राहिला, तर सुमारे ५ अँपिअर-तास वीज जाते. ३५ अँपिअर-तासांच्या लहान बॅटरीचा तो सातवा हिस्सा झाला. तीन-तीन एलईडींच्या तीन माळा, पायाशी आणि दाराशी मंद उजेड देणाऱ्या, तेवढ्याच वेळात अर्धा अँपिअर-तासही घेत नाहीत.

फ्यूज कोणासाठी?

फ्यूज दिव्यासाठी असतो, असा समज आहे. तो असतो तारेसाठी. बॅटरी इंजिन सुरू करताना स्टार्टरला शंभराहून अधिक अँपिअर देऊ शकते. दारातून नेलेल्या वायरचं आवरण घासून तांबं पत्र्याला टेकलं, तर तोच प्रवाह त्या बारीक वायरीतून धावेल. वायर लाल होईल आणि सीटच्या कापडाला आग लागेल. दिव्यांची बारीक वायर १५ अँपिअरच्या फ्यूजमागे जोडली, तर फ्यूज उडण्याआधी वायर जळण्याचा धोका असतो. आपल्या दिव्यांना पाव अँपिअरही लागत नाही. त्यांना स्वतःचा १ किंवा २ अँपिअरचा फ्यूज द्यावा आणि तो वीज घेतो त्या जागेच्या अगदी जवळ बसवावा.

काम सुरू करण्याआधी बॅटरीचं ऋण टोक सोडवायचं. इंजिन सुरू असताना मात्र बॅटरी कधीही सोडवू नये, कारण अल्टरनेटरचा दाब क्षणभर कित्येक पटींनी उसळतो आणि सगळी इलेक्ट्रॉनिक्स धोक्यात येते. सांधे नीट सोल्डर करून त्यावर हीट-श्रिंक नळी चढवावी. नुसती चिकटपट्टी चंडीगडच्या मे-जूनच्या उन्हात सुटून येते. बंद गाडीचा डॅशबोर्ड तेव्हा हात टेकवणार नाही इतका तापतो. वायर जिथे पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबराची चकती हवीच.

दोन ठिकाणी हात घालायचा नाही. पहिलं, समोरच्या काचेशेजारचे खांब आणि छताची कड. अनेक गाड्यांत तिथे पडद्यासारखी एअरबॅग दडलेली असते आणि ती फुगण्याच्या वाटेत वायर आली, तर जीव वाचवणारी वस्तूच घातक ठरेल. एअरबॅगची वायरिंग बहुधा पिवळी असते, तिला स्पर्शही नको. दुसरं ठिकाण म्हणजे नव्या गाड्यांमधली संगणकनियंत्रित वायरिंग. त्यात छताच्या दिव्याचा प्रवाहसुद्धा मोजला जातो. मधूनच जोड काढला, तर बिघाडाचे इशारे सुरू होतात. अशा गाडीत जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनला विचारूनच पुढे जावं.

सेक्टर ३० मधला धडा

वीज जमली. आता डोळ्याचं काय? याचं उत्तर चंडीगडच्या सेक्टर ३० मध्ये शोधता येतं. तिथे केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना, म्हणजे सीएसआयओ ही प्रयोगशाळा आहे. ती १९५९ मध्ये दिल्लीत स्थापन झाली आणि १९६२ मध्ये, होलोनियाक यांचा लाल एलईडी उजळला त्याच वर्षी, चंडीगडला आली. ‘तेजस’ या लढाऊ विमानाचा हेड-अप डिस्प्ले इथेच विकसित झाला. वैमानिकाच्या डोळ्यांसमोर तिरपी काच असते. वेग, उंची, दिशा हे सगळं त्या काचेवर हिरव्या रेषांत उमटतं आणि त्याच काचेतून आकाशही दिसतं.

यातली मेख भिंगांत आहे. ती प्रकाशकिरण समांतर करतात, त्यामुळे आकडे अनंत अंतरावर असल्यासारखे दिसतात आणि वैमानिकाला नजर जवळ-दूर करावी लागत नाही. हिरवा रंगही विचारपूर्वक आहे : ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाला आपला डोळा दिवसा सर्वांत संवेदनशील असतो, म्हणून थोड्या प्रकाशात काम भागतं. काचेवर कोणता प्रकाश, किती आणि कुठे दिसावा, याचा हा काटेकोर अभ्यास आहे.

आपल्या गाडीची समोरची काचही तिरपीच असते. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून, सरळ पडलेल्या प्रकाशाचा सुमारे ४ टक्के भाग परततो. दोन्ही पृष्ठभागांचा मिळून ८ टक्के. तिरप्या कोनात हे प्रमाण वाढत जातं. दिवसा बाहेर इतका उजेड असतो, की हे परावर्तन जाणवत नाही. रात्री बाहेर अंधार असतो आणि त्या अंधारावर हाच अंश पडद्यासारखा पसरतो. डॅशबोर्डवर उघडी पट्टी लावणं म्हणजे नकळत आपल्या काचेवर एक हेड-अप डिस्प्ले बसवणं. फरक इतकाच, की त्यावर कामाची माहिती काहीच नसते.

डोळ्याचीही स्वतःची गती असते. अंधारात पाहणाऱ्या दंडपेशींना पूर्ण तयार व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात. त्या ५०० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर-हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतात. म्हणजे प्रखर निळी-पांढरी पट्टी नेमक्या त्याच पेशींना दिपवते. ६२० नॅनोमीटरच्या पुढचा गडद लाल प्रकाश मात्र त्यांना जवळजवळ दिसतच नाही. पाणबुड्यांत आणि जुन्या विमानांच्या कॉकपिटमध्ये लाल दिवे असत ते यासाठीच. गाडीतही धावताना लागणारा उजेड लाल किंवा अंबर असावा, तो सीटखाली आणि पायाशी असावा, आणि त्याचा उगम चालकाच्या नजरेला दिसू नये. पांढरा दिवा दार उघडल्यावर उजळावा आणि दार लागताच विझावा.

कायद्याकडेही लक्ष हवं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०८ वा नियम गाडीच्या पुढे लाल आणि मागे लालखेरीज दुसरा प्रकाश दाखवण्यावर बंधन घालतो. गाडीच्या आतल्या दिव्याला त्यातून सूट आहे. पण ती सूट आतल्या उजेडापुरतीच आहे, तेव्हा आतली पट्टी बाहेर झळकू नये, ही दक्षता घ्यावी. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाची मर्यादा आहे, तीही ध्यानात असावी.

शेवटची चाचणी घरीच करता येते. गाडी अंधाऱ्या, सुरक्षित जागी उभी करा. इंजिन सुरू, हेडलाइट बंद, आतले दिवे चालू. वीस मिनिटं शांत बसा. घरातल्या कोणाला तरी गडद कपड्यांत गाडीपासून पंधरा-वीस पावलांवर उभं राहायला सांगा. ती व्यक्ती काचेतून नीट दिसत नसेल, तर रेझिस्टर वाढवा, एखादी माळ कमी करा, पट्टी आणखी खाली सरकवा. असं करत करत एक क्षण येतो, तेव्हा काचेतलं प्रतिबिंब नाहीसं होतं आणि अंधारातलं माणूस दिसू लागतं. दिवे तेवढेच ठेवा.