इंग्रजीचे नित्योपयोगी लेखन : प्राथमिक शिक्षकांकरिता काही विचार

मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजीचे स्थान वेळोवेळी बदलत आले आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबई राज्यात हा विषय आठव्या इयत्तेपासून शिकविला जाई. पुढे तो पाचवीपर्यंत खाली आला, आणि सन २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासूनच सुरू झाला. इयत्ता कोणतीही असो, एक अनुभव मात्र सर्वत्र येतो. पुस्तकातील धडा घडाघडा वाचणारा विद्यार्थी स्वतःचे नाव, पत्ता, आजची तारीख किंवा रजेची चिठ्ठी इंग्रजीत लिहावयाची वेळ आली म्हणजे अडखळतो. धडा वाचणे आणि गरजेपुरते बिनचूक लिहिणे ही दोन वेगळी कौशल्ये होत, व दुसरे कौशल्य स्वतंत्रपणे शिकवावे लागते.

मुंबईच्या उपनगरांत ही गरज अधिक तीव्रतेने जाणवते. अंधेरी, बोरिवली व कुर्ला या तीन तालुक्यांचा उपनगर जिल्हा १९९० मध्ये झाला. घाटकोपर व मुलुंड ही स्थाने कुर्ला तालुक्यात मोडतात. येथे जिल्हा परिषद नाही. सार्वजनिक प्राथमिक शाळा बृहन्मुंबई महानगरपालिका चालविते व त्या आठ भाषांच्या माध्यमांतून चालतात. एकाच गल्लीतील मुलांपैकी कोणी मराठी, कोणी गुजराती, कोणी उर्दू, तर कोणी तमिळ शाळेत जाते. रुग्णालयातील केसपेपर, बँकेचा अर्ज व महाविद्यालयाचा प्रवेशअर्ज या सर्वांपुढे मात्र पुष्कळदा इंग्रजीच उभी राहते. अनेक घरांत तो अर्ज भरणारे पहिले माणूस म्हणजे आपला विद्यार्थीच असतो. यास्तव पुढील सूचना शिक्षकबंधू-भगिनींच्या विचारार्थ मांडीत आहोत.

१. अक्षराची बैठक

देवनागरी अक्षर शिरोरेषेखाली लोंबते. रोमन अक्षर रेघेवर बसते. हा भेद मुलास प्रथमच दाखवून द्यावा. मराठीची सवय असलेला हात इंग्रजी अक्षरेही वरच्या रेघेस टेकवू पाहतो व ओळ विस्कळीत होते. याकरिता चाररेघी वहीचा उपयोग करावा. तिसरी रेघ ही बैठक होय. लहान लिपीतील ए, सी, ओ ही अक्षरे दुसऱ्या व तिसऱ्या रेघेच्या मध्ये मावतात. बी, डी, एच, एल ही पहिल्या रेघेकडे चढतात. जी, पी, क्यू, वाय ही चौथ्या रेघेपर्यंत उतरतात.

अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने गिरविण्यापेक्षा हाताच्या वळणाप्रमाणे गट करून गिरवावीत. सी, ओ, ए, डी, जी, क्यू ही एकाच डाव्या वळणाची भावंडे आहेत. एन्, एम्, एच, आर यांचे वळण दुसरे. लहान बी व डी, तसेच पी व क्यू, ही अक्षरे आरशातील प्रतिबिंबांप्रमाणे असल्यामुळे मुले त्यांची अदलाबदल करतात. हा आळशीपणा नव्हे. त्यावर रागावू नये. अशी जोडी एकाच दिवशी शिकवू नये, इतके पथ्य पाळले तरी पुष्कळ घोटाळा टळतो. उर्दू शाळेतून आलेल्या मुलास रेघ डावीकडून सुरू करण्याची सवयही नव्याने लावावी लागते, हे ध्यानी ठेवावे.

मोठी व लहान अशी अक्षरांची दुहेरी व्यवस्था आपल्या लिपीत नाही. म्हणून वाक्याचा आरंभ, माणसाचे व गावाचे नाव, वार व महिना आणि ‘मी’ या अर्थाचा एकाक्षरी शब्द या ठिकाणी मोठे अक्षर येते, हा नियम सावकाश रुजवावा. विरामचिन्हांचे मात्र तितके भय नाही. मेजर कँडी यांच्या प्रयत्नांमुळे गेल्या शतकाच्याही आधीपासून ती मराठीत रूढ झालेली आहेत; पूर्णविराम व स्वल्पविराम मुलास परके वाटत नाहीत.

२. स्वतःचे नाव

नाव लिहिणे सर्वांत सोपे वाटते व तेथेच सर्वांत महागडी चूक होते. मराठीत कमल, कमाल आणि कमळ हे तीन निराळे शब्द आहेत. रोमन लिपीत तिन्ही सामान्यतः के, ए, एम्, ए, एल् अशा एकाच रीतीने लिहिले जातात. ऱ्हस्व-दीर्घ, त आणि ट, द आणि ड, ल आणि ळ हे भेद त्या लिपीत साध्या लेखनात उरत नाहीत. उलट आपल्या एका ‘व’ करिता तेथे व्ही आणि डब्ल्यू अशी दोन अक्षरे आहेत. विजय व्हीने लिहितात, तर वाघ बहुधा डब्ल्यूने. शब्दातील जो ‘अ’ आपण उच्चारीत नाही तो लिहावा की गाळावा, हाही प्रश्न उरतोच. रेल्वेने प्रवास करणाऱ्या मुलांस बोरिवली व कांदिवली या नावांची फलकांवरील इंग्रजी रूपे टिपून आणावयास सांगावे. कोठे ल च्या आधी ए हे अक्षर आहे, तर कोठे नाही, असे त्यांस आढळेल. याहून चांगला पाठ कोणता?

सारांश, नावाचे स्पेलिंग नियमाने सिद्ध होत नाही. ते एकदा ठरवावे लागते व मग आयुष्यभर तसेच पाळावे लागते. शाळेच्या नोंदवहीत एक रूप, आधारपत्रावर दुसरे व दहावीच्या प्रमाणपत्रावर तिसरे असे झाले, तर पुढे प्रतिज्ञापत्रे व राजपत्रातील जाहिरात यांच्या खेपा त्या कुटुंबास घालाव्या लागतात. एका दिवसाची मजुरी बुडवून कचेरीत उभ्या राहणाऱ्या पालकास एका अक्षराची किंमत विचारावी! म्हणून प्रवेशाच्या वेळी शिक्षकाने नावाचे इंग्रजी रूप पालकास वाचून दाखवावे, घरातील इतर कागदांशी ताडून पाहावे व मगच नोंदवावे. मुलाकडूनही ते रूप दर आठवड्यास एकदा मोठ्या अक्षरांत, एकेका चौकटीत एकेक अक्षर, असे लिहून घ्यावे.

३. पत्ता व तारीख

इंग्रजी पत्त्याचा क्रम लहानाकडून मोठ्याकडे जातो : नाव, खोली व इमारत, रस्ता, विभाग, पूर्व की पश्चिम, शहर, आणि शेवटी पिनकोड. आपल्या उपनगरांत रेल्वेच्या रुळांनी प्रत्येक स्थानाचे दोन भाग केले असल्याने पूर्व-पश्चिम लिहिण्यास विसरू नये. मुलुंड पश्चिमेचा क्रमांक ४०० ०८० तर पूर्वेचा ४०० ०८१ आहे.

पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. ती योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी असून संस्कृतचे कवीही होते. एकाच नावाची अनेक गावे, अनेक लिप्या व दुर्वाच्य हस्ताक्षरे यांतून पत्र योग्य ठिकाणी पोहोचावे, हा तिचा हेतू. पहिला अंक विभाग दर्शवितो, पहिले तीन अंक मिळून छाननीचा जिल्हा व शेवटचे तीन वाटपाचे टपाल कार्यालय. ही माहिती मुलांस गोष्टीसारखी सांगितली, तर सहा अंक पाठ करण्याचा कंटाळा येत नाही.

तारीख लिहिताना आपल्याकडे दिवस आधी, मग महिना. अमेरिकेत महिना आधी. ३-५ असे लिहिल्यास संदिग्धता राहते. महिन्याचे नाव अक्षरांत लिहिण्याची सवय उत्तम.

४. अक्षरी संख्या

मराठीत सत्तेचाळीस म्हणताना सात आधी व चाळीस मागाहून येतात. इंग्रजीत ‘फॉर्टी सेव्हन’, म्हणजे चाळीस आधी. एकोणपन्नास ऐकून मुलाच्या मनात पन्नास उमटतात व तो एकोणसाठाची इंग्रजी संख्या लिहून बसतो. एकोणतीस ते एकोणनव्वद या संख्यांचा सराव यासाठी निराळा घ्यावा. फोर व फोर्टीन या शब्दांत यू हे अक्षर आहे, फोर्टी या शब्दात नाही, हेही दाखवावे. धनादेशावरील अंकी व अक्षरी रकमेत फरक पडल्यास अक्षरी रक्कम खरी मानावी, असे १८८१ च्या कायद्यात सांगितलेले आहे; तेव्हा हा अभ्यास केवळ परीक्षेपुरता नाही.

५. साधे वाक्य

‘मी शाळेत जातो’ या वाक्यात क्रियापद शेवटी येते. ‘आय गो टू स्कूल’ या वाक्यात ते कर्त्याच्या लगेच मागे उभे राहते. आपला प्रत्यय शब्दाच्या शेवटी चिकटतो. त्यांचा संबंधदर्शक शब्द सुटा व आधी येतो. हा फरक व्याख्येने सांगण्यापेक्षा पुठ्ठ्याच्या शब्दपट्ट्या करून मुलांस रांगेत उभे करावे. क्रियापदाची पट्टी धरलेल्या मुलाने जागा बदलली की सर्व वर्गास नियम समजतो.

मुलांच्या काही चुका तर त्यांच्या सुसंस्कृतपणातून उद्भवतात. ‘बाबा आले’ या आदरार्थी बहुवचनाच्या सवयीने मूल ‘माय फादर आर’ असे लिहिते. खुर्ची ‘ती’ असल्याने तिला ‘शी’ म्हणते. तू, तुम्ही व आपण या तिघांकरिता इंग्रजीत एकच ‘यू’ पुरतो, आणि आदर हा ‘प्लीज’ व ‘थँक यू’ यांसारख्या शब्दांतून दाखवितात, हे समजावून दिले म्हणजे मूल आपण उद्धट तर होत नाही ना, या संकोचातून मुक्त होते.

६. चिठ्ठी व अर्ज

रजेच्या अर्जात ‘मी आपणास नम्रपणे भीक मागतो’ अशा अर्थाची जुनी वाक्ये मुलांकडून पाठ करून घेण्याची प्रथा अजून पूर्णपणे गेलेली नाही. ती सोडावी. कोणास, कोण, काय, का आणि केव्हा, या पाच प्रश्नांची उत्तरे म्हणजे अर्ज. ‘आय ॲम इल. आय कॅनॉट कम टू स्कूल टुडे. प्लीज ग्रँट मी लीव्ह फॉर वन डे.’ एवढी तीन वाक्ये समजून लिहिलेली बरी. न समजलेले पानभर नकोत.

७. तपासणी

सर्व चुका एकदम तांबड्या शाईने रंगवू नयेत. एका आठवड्यात केवळ मोठी अक्षरे, दुसऱ्यात पूर्णविराम, तिसऱ्यात क्रियापदाची जागा, असे धोरण ठेवावे. प्रथम मुलाने स्वतः तपासावे, नंतर शेजाऱ्याने, शेवटी शिक्षकाने. रोज दहा मिनिटे पुरेत. महिन्याच्या शेवटी प्रत्येक मुलाने घरच्या पत्त्यावर स्वतः एक पोस्टकार्ड लिहावे. ते टपालाने घरी पोहोचले, की पत्ता बरोबर होता याचा निर्णय पोस्टमनच देतो.

इंग्रजी आली म्हणजे विद्वत्ता आली, असा आमचा मुळीच दावा नाही; मातृभाषेत विचार स्पष्ट नसेल, तर तो परभाषेतही स्पष्ट होत नाही. परंतु कचेरीच्या खिडकीशी, ‘हा अर्ज कोणी भरून देईल काय?’ असे विचारीत आपल्या विद्यार्थ्यास किंवा त्याच्या आईस उभे राहावे लागू नये, एवढे तरी प्राथमिक शाळेने साधावयास हवे. ते साधणे चाररेघी वही व शिक्षकाची चिकाटी यांच्या बळावर सर्वस्वी शक्य आहे.