पाइपात पाइप

लंडनच्या हॅकनी भागातली विटांची जुनी मलवाहिनी १९७१ साली एरिक वुड यांनी रस्ता न फोडता दुरुस्त केली. या पद्धतीची आजची रीत अशी : रेझिनमध्ये भिजवलेली फेल्टची लांबलचक नळी मॅनहोलमधून आत सोडायची. पाण्याच्या दाबाने ती पायमोजा उलटा करावा तशी उलगडत पुढे सरकते, ओली बाजू जुन्या भिंतीला चिकटते. मग तेच पाणी तापवायचं. रेझिन कडक होतं आणि आत नवा पाइप तयार!

घरांच्या जोडण्या मात्र या अस्तराखाली झाकल्या जातात. त्या जागी कॅमेऱ्याच्या मदतीने रोबो आतून भोकं पाडतो. (खरी कसोटी इथेच, एक राहिलं की कुणाच्या तरी न्हाणीघरात पाणी तुंबलंच.) पूर्ण ढासळलेल्या किंवा उतार बिघडलेल्या वाहिनीला हा उपाय चालत नाही. तिथे खोदाई अटळ.